कार्ड माझ्याकडे, आकडा मावशीकडे

आधीच माफी मागते. माझं अक्षर गिचमिड आहे आणि कुठे कोणती वेलांटी द्यायची ते मला अजून कळत नाही. चौथीनंतर शाळा सुटली. तेव्हापासून सही आणि किराण्याची यादी, एवढ्यापुरताच पेन हातात आला. ही वही कुणी वाचावी म्हणून लिहीत नाही. चुकून कुणाच्या हाती लागलीच तर हसू नये, एवढंच. जे तोंडाने सांगता येत नाही ते मी पीठ मळता मळता मनात सांगत बसते. त्याचा आता थकवा आलाय. एकदा कागदावर काढून ठेवते.

आम्ही नांदेडला राहतो. मी मुलींच्या वसतिगृहाच्या मेसमध्ये भाकरी-पोळ्या करते. आमचे हे एका गोदामावर वॉचमन आहेत. गल्लीच्या टोकाला विहार आहे. रविवारी वंदना झाली की आम्हा बायकांचा बचत गट तिथेच बसतो. आमच्या गटाची एक रीत आहे. पैशाची पेटी एकीच्या घरी आणि तिची चावी दुसरीच्या घरी. पेटीवालीने चावी मागायची नाही, चावीवालीने पेटीजवळ एकटीने जायचं नाही. दोघी मिळून उघडायची, सगळ्यांसमोर. पंधरा वर्षांत एक रुपया इकडचा तिकडे झाला नाही.

पेटी माझ्या घरी असते. चावी मावशीकडे. मावशी म्हणजे कुणाची सख्खी मावशी नाही, ती गटाची अध्यक्ष, सगळी गल्ली तिला मावशीच म्हणते. पेटी मला का दिली, तर मावशीच सगळ्यांना सांगायची, "हिच्या तोंडातून शब्द निघत न्हाई, पैसा कुठून निघल?" बायका हसायच्या. मीही हसायचे. खरं म्हणजे माझ्या वाटचं बोलायचं काम मावशीच करायची. रेशन दुकानात माझ्या कार्डावर कमी धान्य आलं तर ती भांडायची. मुलीच्या लग्नाची बोलणी झाली तेव्हा माझ्या बाजूने तीच बसली होती. मी तिच्यामागे उभी राहायचे, तेवढं मला पुरायचं.

श्रीलंकेला जायचं ठरलं तेव्हाही तीच बोलली. अनुराधपूरचा बोधिवृक्ष बघायचा, ही तिची कितीतरी वर्षांची इच्छा. लातूरचा एक टूरवाला भाऊ असे गट घेऊन जातो. आम्ही बारा जणींनी त्याचे पैसे हप्त्याहप्त्याने भरले. मग त्याने सांगितलं की वरखर्चाला आपले रुपये तिथे चालणार नाहीत, त्यासाठी एक कार्ड मिळतं. इथे रुपये भरायचे, त्यात त्याचे डॉलर होतात, आणि तिकडे दुकानात ते कार्ड मशीनमध्ये घालून आकडा दाबायचा.

"एकेकीनं एकेक काढा," तो म्हणाला.

"एका कार्डाला काय पडतं?" मावशीने विचारलं. त्याने फी सांगितली. "बारा जणींचे बारा वेळा? कशाला? आमी काय बारा पेट्या ठेवतो व्हय? एकच काढू."

पॅनकार्ड आमच्यातल्या तिघींकडेच होतं. त्या तिघींत मी एक, कारण मेसच्या मालकाने पगार बँकेत टाकायचा म्हणून मला ते काढायला लावलं होतं. मावशीकडे नव्हतं. तेव्हा कार्ड माझ्या नावावर काढायचं ठरलं. प्रत्येकीने पाच हजार माझ्या खात्यात भरले. माझ्या पासबुकात एवढी मोठी रक्कम मी पहिल्यांदा पाहिली आणि ते पासबुक तांदळाच्या डब्यात लपवून ठेवलं. रक्कम खात्यातून कार्डवाल्यांकडे वळवायची होती, ते रोख घेत नव्हते.

कार्डाचं ऑफिस लातूरला, गंजगोलाईपासून जवळ, एका कापडदुकानाच्या वर. काउंटरवर एक तरुण मुलगी होती. तिने फॉर्म भरला. मोबाईल नंबर विचारला तेव्हा मी मावशीकडे पाहिलं. माझ्याकडे साधा बटणाचा फोन, तोही कधी चार्ज असतो कधी नसतो. टूरवाला भाऊ शेजारीच उभा होता, त्याने आपला नंबर सांगून टाकला. मी सह्या केल्या. मुलीने कार्ड दिलं आणि एक चिकटवलेलं पाकीट दिलं.

"काकू, पाकिटात पिन आहे. चार आकडे. पाठ करा आणि कागद फाडून टाका. घरातल्यांनाही सांगू नका."

मी हात पुढे करायच्या आत मावशीने पाकीट उचललं. "कार्ड हिच्याकडं राहील, आकडा माझ्याकडं."

"पण कार्ड यांच्या नावावर आहे मावशी."

"असू दे की नावावर. आमच्यात असंच असतंय बाई. तुला न्हाई कळायचं."

मुलगी माझ्याकडे बघत राहिली. मी मान खाली घातली. मला तेव्हा मावशीचंच बरोबर वाटलं होतं. एकीच्याच हातात दोन्ही म्हणजे ती काय पेटी झाली? मावशीने खाली उतरताना जिन्यात पाकीट उघडलं, आकडा ओठातल्या ओठात चार-पाच वेळा म्हटला, आणि कागदाचे बारीक तुकडे करून गटारात टाकले.

तिकडे पहिले तीन दिवस चांगले गेले. कुणाला चहाचे पुडे घ्यायचे असले की आम्ही दोघी काउंटरला जायचो, जोडीनेच. मी कार्ड द्यायचे, मावशी म्हणायची, "तोंड फिरव." मी तोंड फिरवायचे. ती दाबायची. दुकानदार आमच्याकडे टकामका बघायचे. बसमध्ये परत आलं की मी वहीत कुणाचं किती झालं ते लिहायचे. आमच्या घरासमोर राहणारी बाई, तिला मी समोरचीच म्हणते, ती सारखी म्हणायची, "तुमची दोघींची ही बैलजोडी कवर बघायची? आम्हाला काही घ्यायचं म्हणलं की तुम्ही दोघी मुतायला गेलेल्या." तिला मुलाच्या नव्या घरासाठी बुद्धमूर्ती घ्यायची होती. शेवटच्या दिवशी कोलंबोला घेऊ, असं ठरलं होतं.

अनुराधपूरला बोधिवृक्षापाशी मावशी खूप वेळ बसली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पुसत नव्हती. उठताना तिचा डावा पाय उचलेना. मी हसून म्हटलं, मुंग्या आल्या असतील. तिने माझ्याकडे पाहिलं तर तिचं तोंड एका बाजूला गेलेलं.

सरकारी दवाखान्यात नेलं. पैसे लागले नाहीत. तिथल्या नर्स फार मायेने वागल्या, एकमेकींची भाषा कळत नसताना. दोन दिवस मावशी तिथे होती आणि मी तिच्या खाटेशी. बाकीच्या जणी टूरबरोबर पुढे गेल्या आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्हाला घ्यायला परत आल्या. मावशीला शुद्ध होती, माणसं ओळखत होती, पण शब्द लोळत यायचे. समोरची खाटेजवळ वाकून म्हणाली, "मावशे, तेवढा आकडा सांग. उद्या परवा निघायचंय. कुणाचं काहीच घेऊन झालं न्हाई."

मावशीने सांगितला. चार आकडे, नीट, एकेक करून. दवाखान्यासमोर पैशाचं मशीन होतं. सगळ्या माझ्याभोवती उभ्या. मी आयुष्यात पहिल्यांदा त्या मशीनला हात लावला. आकडा चुकीचा निघाला.

"थांब," समोरची म्हणाली. "तिनं छप्पन सालच ठेवलं असणार. दीक्षेचं. तिचं सगळं तेच असतंय." आकडा पाकिटात छापून आला होता, मावशीने ठेवला नव्हता. मला हे ठाऊक होतं. जिन्यात मीच शेजारी होते. पण दहा जणी एकदम "हाव, हाव" म्हणाल्या आणि मी एकोणीसशे छप्पन दाबलं. चूक.

मी पुन्हा वर मावशीकडे गेले. तिने दुसराच आकडा सांगितला. तोही तसाच खात्रीने. तो दाबला आणि मशीनने कार्ड परत केलं, पडद्यावर लाल अक्षरं आली. टूरवाला भाऊ म्हणाला, "ब्लॉक झालं. आता इंडियात गेल्यावरच."

कोलंबोच्या दुकानात बायका मूर्ती हातात घेऊन बघायच्या आणि परत ठेवायच्या. कुणी मला काही बोललं नाही. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. विमानात मावशी व्हीलचेअरवरून चढली. कार्ड माझ्या ब्लाउजात होतं, ते सारखं टोचत होतं.

नांदेडला आल्यावर मला वाटलं, लातूरला गेलं की झालं. दुसऱ्या आठवड्यात खाडा करून गेले. नांदेड-लातूर एसटीला लोहा, अहमदपूर, चाकूर करत चार तास जातात. आता बायकांना अर्धं तिकीट आहे म्हणून परवडतं, पण खाड्याचे पैसे मेसवाला कापतोच. जिना चढून गेले. काउंटरवर गर्दी होती. कुणाच्या मुलाला परदेशात डॉक्टरकी शिकायला पाठवायचं होतं, कुणी हजला निघालं होतं. सगळे नीट बोलत होते. मी दाराजवळच्या खुर्चीत बसले. माझा नंबर कसा लागणार ते कळेना. माझ्यामागून आलेले लोक काम करून गेले. जेवणाची सुट्टी झाली, पुन्हा सुरू झालं. चार वाजता मी उठले आणि खाली आले. एक शब्दही बोलले नव्हते. आयुष्यभर माझ्यापुढे मावशी उभी असायची. आता पुढे कुणी नव्हतं आणि मला बोलायला कसं सुरू करतात तेच माहीत नव्हतं.

घरी ह्यांना सांगितलं, साहेब सुट्टीवर होते.

"मग आता?" ह्यांनी विचारलं.

"पुन्हा जाईन."

"तू डॉलरवाली झालीस आन् घरात त्याल संपलंय," ते म्हणाले. टोमणा नव्हता तो, त्यांची बोलायची तऱ्हाच तशी आहे. पण मी त्या दिवशी जेवले नाही.

मावशीकडे रोज संध्याकाळी जायचे. तिची सून चहा द्यायची. मावशी बाजेवर बसून उजव्या हाताने चादरीवर आकडे काढायची आणि मला म्हणायची, "ह्यो लिही." मी लिहून घ्यायचे. रोज वेगळा. एकदा तिने जो आकडा सांगितला तो ऐकून सून म्हणाली, "अहो हा तर आपल्या जुन्या घराचा नंबर." मावशीने तोंड भिंतीकडे फिरवलं. तिला वाटत होतं की तिच्यामुळे सगळ्यांचे पैसे बुडाले. मला वाटत होतं की सगळ्यांना वाटतंय ते माझ्याकडेच आहेत.

आणि तसंच होतं. गटाच्या बैठकीत समोरची म्हणाली, "टीव्हीवर सांगून राहिलेत, डॉलर वाढतोय म्हणे. बरंय, ठेवून राहिलीस ते. जितकं ठेवशील तितकं वाढतंय."

"कार्ड बंद आहे," मी म्हटलं.

"मग उघडायला लातूरला गेलतीस ना? साहेब सुट्टीवर होते म्हणं."

कुणीतरी फिस्सकन हसलं. मी पेटी पुढे सरकवली. मावशीची सून चावी घेऊन आली होती. पेटीतले पैसे त्या दिवशी दोनदा मोजले गेले. पंधरा वर्षांत असं कधी झालं नव्हतं. पूर्ण भरले, पण मला ते पुरेसं वाटलं नाही. मी पेटी घरी नेताना समोरची म्हणाली, "जड असंल तर आमच्याकडं ठेव."

आमचे हे म्हणाले, "माझ्याजवळ हायत थोडे. देऊन टाक सगळ्यांचं. पुढचं पुढं बघू." मी नको म्हटलं. आपल्या पदरचे दिले असते तर बायका म्हणाल्या असत्या, बघा, पकडल्यावर काढले. मला तेच पैसे हवे होते. कार्डात अडकलेले तेच.

पुढच्या महिन्यात पुन्हा खाडा केला. बसमध्ये चाकूरपासून एकच वाक्य घोकत गेले: माझं कार्ड बंद पडलंय, त्यातले पैसे परत पाहिजेत. काउंटरवर तीच मुलगी होती. मी ते वाक्य म्हणून टाकलं. एवढ्या मोठ्याने म्हटलं की मागचे लोक बघायला लागले.

"बसा काकू," ती म्हणाली. तिने पासपोर्ट घेतला, पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स मागितली. ती नव्हती. खाली जाऊन काढून आणली. मग तिने कॉम्प्युटरवर काहीतरी केलं आणि म्हणाली, "ओटीपी गेलाय, सांगा."

"कुठं गेलाय?"

तो टूरवाल्या भाऊच्या फोनवर गेला होता. भाऊ दुसरा गट घेऊन थायलंडला गेलेला. त्याचा फोन लागेना. मुलीने मला नंबर बदलायचा फॉर्म दिला. त्यासाठी फोन माझ्या नावाचा हवा. माझं सिम ह्यांच्या नावावर होतं. मी पुन्हा चार तासांची बस धरली.

नवं सिम माझ्या नावावर घ्यायला, ते सुरू व्हायला, मेसमधून पुन्हा सुट्टी मिळायला दीड महिना गेला. तेवढ्यात समोरचीने माझ्याकडे वाटीभर साखर मागायला येणंही बंद केलं. मेसमध्ये मी पोळी लाटताना मोजायचे. किती बस, किती खाडे. सगळं मिळून माझा वाटा त्यातच संपत आला होता. हे कुणाला सांगायचं?

तिसऱ्यांदा गेले तेव्हा सगळे कागद एका पिशवीत, नवा फोन चार्ज केलेला. ओटीपी माझ्याच हातात वाजला. मी आकडे वाचून दाखवले. मुलीने सह्या घेतल्या आणि म्हणाली, "झालं काकू. आजच्या दराने खात्यात येतील, आठवड्याभरात."

"पिन लागत नाही?"

"परत घ्यायला? नाही. कार्ड तुमचं आहे ना." मग तिने कार्ड उलटं केलं, मागचा नंबर दाखवला. "आणि तिकडेच या नंबरवर फोन केला असता तर लगेच नवा पिन मिळाला असता. नाव, जन्मतारीख, एवढंच विचारतात. इथून बोलतात, मराठीतही बोलतात."

मी तो नंबर बघत राहिले. बारीक अक्षरात होता. सगळा वेळ माझ्या ब्लाउजात होता. दवाखान्यासमोर दहा जणी मला घेरून उभ्या होत्या तेव्हाही होता. पण तेव्हा मला कुणी सांगितलं असतं तरी मी फोन केला असता का? आकडा मावशीचा, मी कशी मागणार, असंच मला वाटलं असतं. आणि फोनवर अनोळखी माणसाशी बोलायचं म्हटल्यावर मी फोन दुसरीच्या हातात दिला असता. तिला माझं नाव, माझी जन्मतारीख विचारली असती आणि तिथेच अडलं असतं.

"नवा पिन करून देऊ का? पुढच्या वेळी?" मुलीने विचारलं.

"नको," मी म्हटलं. "बंदच करा."

मावशीला त्या नंबराचं मी सांगितलं नाही. फक्त पैसे परत घ्यायला आकडा लागलाच नाही, एवढं सांगितलं. तिने विचारलं, "लागलाच न्हाई?" "नाही. तू उगाच डोकं शिणवत होतीस." तिने चादरीवरचा हात उचलून मांडीवर ठेवला. मग सुनेला म्हणाली, "हिला च्या दे." चहा समोरच होता, तरी सुनेने दुसरा आणला. दोन्ही प्यायले.

पैसे आठव्या दिवशी आले. देतानाचा दर आणि घेतानाचा दर वेगळा असतो, मधे त्यांची फी. वहीप्रमाणे जेवढे यायला हवे होते त्याहून बाराशे रुपये कमी पडले. डॉलर वाढला म्हणतात, तो आमच्या बाजूने कुठे वाढला ते मला दिसलं नाही. ते बाराशे मी माझ्या वाट्यातून घातले. कुणाला बोलले नाही, कारण बोलले असते तर पुन्हा हिशोब निघाला असता, आणि मला आता आणखी एकही हिशोब नको होता.

बैठकीत वाटायचे असं मावशीची सून म्हणाली. मी घरोघरी गेले. वहीतलं पान दाखवायचं, कुणाचे चहाचे पुडे, कुणाची माळ, उरलेले इतके, आणि पाकीट द्यायचं. बहुतेक जणींनी वही न बघताच घेतलं. एकीने माझा हात धरून ठेवला, सोडेना. एकीने म्हटलं, "अगं, आमी काय संशय घेतला व्हय?" मी म्हटलं, "नाही." मावशीचं पाकीट तिच्या उशीखाली ठेवलं.

समोरची मुलाच्या नव्या घरी इस्लापूरला गेली होती. पंधरा दिवस तिचं पाकीट माझ्याकडे राहिलं. सर्वात जास्त तिचंच उरलेलं होतं, मूर्ती घेतली नव्हती म्हणून. ते पंधरा दिवस मी घराला कुलूप लावूनही दोनदा परत येऊन बघायचे. ह्यांनी म्हटलं, फोन करून सांग की पैसे आलेत. मी फोन केला. नव्या सिमवरून. ती म्हणाली, "आल्यावर बघू."

ती आली त्या दिवशी दुपारी मी तिच्या ओट्यावर गेले. ती लसूण सोलत होती. मी पाकीट दिलं, वहीचं पान पुढे केलं. तिने हात पदराला पुसले आणि नोटा मोजल्या. मग पुन्हा मोजल्या, वहीत बोट ठेवून. लसणाचा वास लागला नोटांना.

"बरोबर हायत," ती म्हणाली.

"सही कर इथं," मी म्हटलं. असं मी कुणाला कधी म्हटलं नव्हतं.

तिने वर पाहिलं. मग पेन घेतला आणि सही केली. अकरा पाकिटांत सही ही एकच. मी वही घेऊन घरी आले, दार लावलं आणि पंख्याखाली आडवी झाले. कुणाचा एक रुपयाही आता माझ्याकडे राहिला नव्हता.